दगडात कोरलेली पाखरं

इजिप्त पाहायला गेलेला माणूस पहिल्या देवळात भिंती पाहतो, दुसऱ्यात खांब पाहतो आणि तिसऱ्यात सावली शोधतो. त्यात त्याची काही चूक नाही. तिथे मजकूर आहे तरी किती! दाराच्या चौकटींवर, खांबांच्या अंगावर, तुळयांच्या पोटाला, मूर्तींच्या पाठीवर. बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. आणि यातलं एक अक्षर आपल्याला लागत नाही. गाईड एखाद्या लंबगोलाकडे बोट दाखवून ‘हा रामसेस’ म्हणतो, आपण मान डोलावतो आणि घोळका पुढे सरकतो.

या खेपेला मी राजांच्या वंशावळी आणि देवांची नातीगोती बाजूला ठेवली. साक्कारापासून अस्वानपर्यंत नुसती कोरलेली चिन्हं पाहायची असं ठरवलं. चिन्ह कुणीकडे तोंड करून आहे, किती खोल आहे आणि कुठे कुणी ते खरवडलंय, एवढंच पाहायचं. यासाठी लिपी यावी लागत नाही. मान वर करायची तयारी आणि जरा तिरपा उजेड असला की भागतं. पाहता पाहता एक गोष्ट पक्की झाली. कोरणाऱ्यांच्या लेखी ही चिन्हं मुकी नव्हती. ती जिवंत होती, पाहणारी होती, वेळप्रसंगी चावणारीही होती. एवढं ध्यानात घेतलं की भिंतीवरच्या निम्म्या कोड्यांचा उलगडा होतो.

सुरुवात साक्कारापासून करावी. कैरोच्या दक्षिणेचं हे दफनक्षेत्र जोसेरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पिरॅमिडासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या नैऋत्येला उनास राजाचा पिरॅमिड आहे. बाहेरून पाहिलं तर दगडमातीचा ढिगारा. वाकून उतरत्या भुयारातून आत गेलं की मात्र माणूस सरळ उभा राहतो तो मजकुरासमोरच. इ. स. पू. सुमारे २३५० मध्ये, पाचव्या राजवंशाच्या शेवटी, इथल्या चुनखडीच्या भिंतींवर मंत्र कोरले गेले. पिरॅमिडाच्या आत मजकूर कोरण्याची ही पहिलीच वेळ. मेलेल्या राजाला आकाशात पोहोचवण्यासाठीचे हे मंत्र उभ्या स्तंभांत आहेत आणि दोन स्तंभांच्या मध्ये एकेक बारीक रेघ आहे. चिन्हं आत खोदलेली आहेत आणि खोदलेल्या जागेत निळा रंग भरलेला आहे. वर तिरप्या छतावर पाच टोकांच्या चांदण्या. शवपेटीभोवतीच्या भिंती तेवढ्या अलाबास्टरच्या आहेत आणि त्यांवर मंत्र नाहीत. राजाचं चित्र कुठेच नाही. आहे तो फक्त शब्द.

या मंत्रांचा पुढचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. उनासनंतरच्या तेती, पेपी वगैरे राजांच्या पिरॅमिडांत हेच आणि असेच मंत्र आहेत, पण चिन्हांची मोडतोड झालेली दिसते. माणसाचं चिन्ह यायला हवं तिथे नुसतं डोकं आणि हात. धड नाही, पाय नाहीत. हे कुणी नंतर फोडलेलं नाही, कोरतानाच तसं कोरलेलं आहे. पुढे मध्य राज्याच्या उत्तरार्धात तर काही थडग्यांत आणि शवपेट्यांवर पक्ष्यांना पाय नाहीत, सापांना शेपट्या नाहीत. कारण एकच: ज्या खोलीत प्रेत ठेवायचं, तिथल्या भिंतीवर धडधाकट साप किंवा माणूस नको. तो उठला, प्रेताला इजा केली किंवा मृतासाठी ठेवलेलं अन्न खाल्लं तर? मजकूर हवा, पण त्यातल्या प्राण्यांची भीती वाटते, म्हणून त्यांना लुळं करून ठेवायचं. आपण ज्याला अक्षर म्हणतो त्याची अशी भीती बाळगणारी माणसं अक्षर कोरताना किती जपून कोरत असतील, याचा अंदाज इथेच येतो.

लक्सरला पोहोचल्यावर थेट कर्नाकच्या मोठ्या दालनात शिरू नये. देवळाच्या उत्तर अंगाला उघड्यावरचं संग्रहालय आहे, तिथे आधी जावं. गर्दी तिकडे वळत नाही. तिथे सेनुस्रेत पहिला या राजाचा ‘पांढरा मंडप’ आहे. जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीचा हा छोटा चौरस मंडप राजाच्या राज्यारोहणाच्या तीस वर्षांच्या सोहळ्यासाठी बांधला होता. नंतर अमेनहोतेप तिसऱ्याने आपल्या भव्य प्रवेशद्वाराच्या पोटात भर घालायला म्हणून त्याचे दगड वापरले. ते दगड गेल्या शतकात आंरी शेव्रिए या फ्रेंच वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली बाहेर काढले गेले आणि १९३० च्या दशकात मंडप पुन्हा उभा राहिला. भर म्हणून गाडला गेला, म्हणूनच तो ऊन, वारा आणि नंतरच्या राजांच्या छिन्नीपासून वाचला.

इथला एक खांब निवडावा आणि दहा मिनिटं त्याच्याचसमोर उभं राहावं. काम उठावाचं आहे, म्हणजे चिन्हं तशीच ठेवून भोवतालचा दगड तासून काढलेला. उठाव जेमतेम काही मिलिमीटरांचा आहे. पण तेवढ्यात काय काय बसवलंय! टोपलीच्या चिन्हात वेताची वीण दिसते. पक्ष्यांच्या पंखांवर पिसांच्या रांगा वेगवेगळ्या आहेत. खांद्याशी बारीक, टोकाकडे लांब. घुबडाचं अंग आडवं, बाजूने पाहिल्यासारखं, पण तोंड मात्र थेट आपल्याकडे. भिंतीवरचे बाकी बहुतेक सगळे प्राणी एका अंगाने दिसतात, घुबड तेवढं पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवतं. त्याचा उच्चार ‘म’. ते सतत लागणारं चिन्ह असल्याने जिथे नजर टाकावी तिथून कुणीतरी घुबड आपल्याकडे पाहत असतं.

पक्षीनिरीक्षणाचा नाद असणाऱ्याने तर इथे तास घालवावा. पांढरं गिधाड, ससाणा, बगळा, तुऱ्याचा शराटी, तलवार बदक, लाव्याचं पिल्लू अशी मोठी जंत्री आहे. लाव्याचं पिल्लू गोल अंगाचं, आखूड शेपटीचं, पंख अजून न फुटलेलं. त्याचा उच्चार ‘व’ किंवा ‘उ’. गंमत दोन लहान पक्ष्यांची आहे. एक भिंगरी, दुसरी चिमणी. आकार सारखा, उभं राहण्याची ढब सारखी. फरक फक्त शेपटीत. भिंगरीची शेपटी दुभंगलेली, चिमणीची गोलसर. भिंगरी येते ती ‘थोर’ या अर्थाच्या शब्दात आणि चिमणी येते ती लहान, वाईट, दुबळ्या गोष्टींच्या शब्दांमागे खूण म्हणून. शेपटीच्या टोकाशी छिन्नी घसरली तर थोराचा क्षुद्र व्हायचा. म्हणून चांगल्या कोरीवकामात या दोघींच्या शेपट्या मुद्दाम निरखून पाहाव्यात. कारागीर तिथे थांबलेला, सावकाश झालेला जाणवतो.

आता ही चिन्हं बसवण्याची तऱ्हा. आपली देवनागरी अक्षरं शिरोरेषेला ओळीने टांगलेली असतात. ही चिन्हं मात्र न दिसणाऱ्या चौकोनांत रचलेली असतात. उंच चिन्ह असेल तर ते एकटंच चौकोन व्यापतं. पसरट चिन्हं, म्हणजे पाण्याची नागमोडी रेघ, तोंड, अडसर, ही एकावर एक ठेवली जातात. पावाचं इवलंसं अर्धगोल चिन्ह कुठल्याही कोपऱ्यात, पक्ष्याच्या छातीसमोर किंवा पाठीमागे, बसवून टाकतात. रचना नीटस दिसावी म्हणून चिन्हांचा क्रम पुढेमागेही होतो. देवाचं नाव तर उच्चारात नंतर येत असलं तरी मानाने आधी लिहितात. एका अर्थी इथे लिहिणारा आणि सजवणारा वेगळे नाहीतच.

आणि दिशा. हे एक सूत्र कळलं की देवळात फिरण्याची मजा दुप्पट होते. ही लिपी उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, वरून खाली कशीही लिहिता येते. ओळ कुठे सुरू होते ते प्राण्यांच्या तोंडांवरून ओळखायचं. पाखरं आणि माणसं ज्या बाजूला पाहत असतात, तिथून वाचायला सुरुवात करायची. म्हणजे वाचणारा नेहमी त्यांना सामोरा जातो, पाठीमागून येत नाही. बहुतेक मजकूर उजवीकडून सुरू होतो. पण दाराच्या तुळईवर पाहिलं तर मध्यभागी एक चिन्ह असतं, बऱ्याचदा जीवनाचं ‘आंख’, आणि तिथून दोन्ही बाजूंना एकच वाक्य उलटसुलट धावतं. डाव्या अंगाची पाखरं उजवीकडे पाहतात, उजव्या अंगाची डावीकडे. चित्रांतही तेच. राजा आणि देव समोरासमोर उभे असले की राजाचा मजकूर राजाच्या तोंडाच्या दिशेने आणि देवाचा देवाच्या. त्या दोन मजकुरांतली पाखरं एकमेकांकडे पाहत असतात. कोण कुणाशी बोलतंय हे न वाचताही कळतं.

एवढी तयारी झाली की मग मोठ्या दालनात जावं. १३४ खांबांचं हे दालन सुमारे ५,००० चौरस मीटरवर पसरलेलं आहे. मधल्या दोन रांगांतले १२ खांब २० मीटरहून उंच आहेत. सगळेजण माना वर करून उंची मोजत असतात. मी दालनाच्या उत्तर आणि दक्षिण भागांत आलटून पालटून फिरलो, कारण इथे एकाच छताखाली कोरण्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी आहेत. उत्तरेचा भाग सेती पहिल्याने सजवला. तिथे उठाव आहे: हळुवार, कडा गोलसर, उजेड अंगावरून ओघळणारा. दक्षिणेचा भाग त्याचा मुलगा रामसेस दुसरा याच्या काळात पुरा झाला. तिथे चिन्हं आत खोदलेली आहेत: कडा उभ्या, सावली काळीकुट्ट.

याला खणलेलं कोरीवकाम म्हणू. यात भोवतालचा दगड काढत नाहीत. चिन्हाची कडा खोल खणायची आणि आतला आकार त्या खोलीत घडवायचा. चिन्हाचा सर्वांत उंच भागही भिंतीच्या पातळीवर किंवा तिच्या आतच राहतो. याचा फायदा उन्हात कळतो. इजिप्तच्या दुपारी हलक्या उठावाची चिन्हं उजेडात विरघळून जातात, डोळे बारीक केले तरी हाती काही लागत नाही. खणलेल्या चिन्हाच्या कडेत मात्र सावली धरून ठेवलेली असते. सूर्य जेवढा प्रखर तेवढी रेघ ठळक. म्हणून सर्वसाधारण रीत अशी की आतल्या अंधाऱ्या खोल्यांत उठाव आणि बाहेरच्या उघड्या भिंतींवर खणलेलं काम. रामसेसने ते आतही आणलं. खणायला वेळ कमी लागतो, कारण मोकळी जागा तासावी लागत नाही, आणि ज्या राजाला अख्ख्या देशभर आपलं नाव लावायचं होतं त्याला घाई असणारच. त्याच्या राज्याच्या अगदी सुरुवातीचं काम उठावाचं होतं. मधल्या मार्गालगत त्यातलं काही नंतर खणून घेतलेलं आहे. अशा ठिकाणी तिरप्या उजेडात जुन्या रेघांच्या खुणा नव्या खाचांतून डोकावतात.

ही कामं होत कशी, ते पाहायचं तर नाईलच्या पश्चिम तीरावर, राजांच्या खोऱ्यात, होरेमहेबचं थडगं गाठावं. ते दर वेळी उघडं मिळेलच असं नाही. १९०८ मध्ये सापडलेल्या या थडग्यात दफनाची खोली अर्धवट राहिलेली आहे. राजा गेला, काम थांबलं, आणि त्या दिवशी जे जिथे होतं ते तिथेच राहिलं. त्यामुळे एका भिंतीवर काम पुरं, दुसरीवर अर्धं आणि पुढे नुसती रेखाटनं, असा कोरीवकामाचा सारा क्रम डोळ्यांसमोर येतो.

आधी भिंत घासून सपाट करायची, फटी गिलाव्याने बुजवायच्या. मग रेखाटणारा लाल रंगाने चिन्हं काढतो. नंतर मुख्य कारागीर काळ्या रंगाने ती सुधारतो. लाल रेघ एकीकडे, काळी किंचित बाजूला: एखाद्याचा पाय पुढे घेतलेला, पक्ष्याची मान जरा ताठ केलेली. गुरुजींच्या त्या दुरुस्त्या तीन हजारांहून अधिक वर्षांनी आपण बघतो. मग कोरणारा काळ्या रेघेबाहेरचा दगड तांब्या-काशाच्या छिन्नीने आणि लाकडी हातोड्याने उडवू लागतो. काही चिन्हांच्या भोवती एवढीच पहिली खाच आहे. आतला आकार अजून सपाट पाटीच. पुरं झालेल्या चिन्हात मात्र गाल, पोटऱ्या, पिसं सगळं आलेलं आहे. नंतर पांढरा हात आणि रंग. या खोऱ्यातली थडगी कोरणारी माणसं जवळच देर अल-मदिना या वस्तीत राहत. त्यांची घरं आजही पायापुरती उभी आहेत आणि त्यांचे हिशेब, हजेरीपट, आजारपणाच्या नोंदी दगडाच्या कपच्यांवर लिहिलेल्या सापडल्या आहेत.

रंग पाहायचे तर याच खोऱ्यात सेती पहिल्याचं थडगं. १८१७ मध्ये बेल्झोनीने ते शोधलं तेव्हा रंग ताजे होते. पाण्याची नागमोडी रेघ निळी, पुरुषांची कातडी तांबडी, पक्ष्यांच्या अंगावर दोन-तीन रंगांची पिसं. पण चिन्हांचे ठसे घेण्यासाठी भिंतींवर ओला लगदा दाबला गेला, आणि ठशाबरोबर रंगही निघून आला. पुढे १८२८-२९ मध्ये स्वतः शांपोल्यों आणि त्याचा इटालियन सहकारी रोसेलिनी इथे आले. १८२२ मध्ये ही लिपी उलगडून दाखवणारा हाच तो शांपोल्यों. परतताना दोघांनी दाराच्या बाजूचे एकेक कोरीव फलक कापून नेले. एक आज पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे, दुसरा फ्लॉरेन्सला. चिन्हांवरचं प्रेम आणि चिन्हांची हानी एकाच हातून होऊ शकते, याचा हा नमुना.

मुद्दाम केलेली हानी मात्र निराळी, आणि ती शोधण्यात खरा रस आहे. कर्नाकमध्ये हत्शेपसुत राणीचा गुलाबी ग्रॅनाइटचा स्तंभ उभा आहे: एकाच अखंड दगडाचा, सुमारे साडेएकोणतीस मीटर उंच, ३०० टनांहून जड. खाणीतून काढून पुरं करायला सात महिने लागले, असं तिने तळाशी कोरून ठेवलंय. ग्रॅनाइटवर तांब्याची छिन्नी चालत नाही. डोलेराइटच्या गोट्यांनी ठेचून आणि वाळूने घासून हे काम करतात. तरी चिन्हांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या आहेत. वर नजर टाकली की काही ठिकाणी दगड बशीसारखा किंचित खोलगट दिसतो आणि त्या खोलगट भागात पुन्हा आकृती आणि नाव कोरलेलं असतं. तिथे अमुन देव होता. अमुनशी वैर धरलेल्या आखेनातेन राजाच्या माणसांनी तो छिन्नीने उडवला. इतक्या उंचीवर चढून, वेचून तेवढाच उडवला. पुढे सेतीच्या काळात तो पुन्हा कोरला गेला. पहिली पातळी गेलेली, म्हणून दुसरी खाली. भिंतीवर कुठेही असा खड्डा आणि त्यात नाव दिसलं की समजावं, इथे एक नाव मारलं गेलं आणि मग परत आणलं गेलं.

हत्शेपसुतच्या स्वतःच्या वाट्यालाही ते आलं. देर अल-बाहरीच्या तिच्या देवळात तिची नावं आणि आकृत्या थुटमोस तिसऱ्याच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात खरवडल्या गेल्या, अनेक ठिकाणी वर दुसऱ्या राजांची नावं आली. पण नाव बदलणाऱ्यांनी आजूबाजूची वाक्यं नेहमीच दुरुस्त केली नाहीत. स्त्रीलिंगाची खूण म्हणजे ते पावाचं अर्धगोल चिन्ह, ‘त’. राजाचं नाव पुरुषाचं आणि शेजारच्या शब्दांत पाव तसेच शिल्लक. एवढ्याशा अर्धगोलांनी पुढच्या अभ्यासकांना राणीचा माग दिला.

लक्सरहून एक दिवस काढून अबिडोसला जाता येतं, आणि उठावाच्या कामाचा कळस पाहायचा तर जावंच. सेतीने बांधलेल्या या देवळात ७६ राजांच्या नावांची यादी कोरलेली आहे, त्यात हत्शेपसुत, आखेनातेन आणि तुतनखामुन नाहीत. इथे न कोरणं हीच शिक्षा. पण गाईड लोकांना नेतो ते एका तुळईकडे. तिच्यावर हेलिकॉप्टर आणि पाणबुडी दिसते म्हणे. दिसतंही तसं! खरी गोष्ट अशी की सेतीच्या काळात तिथे त्याची एक पदवी कोरली होती. रामसेसने ती गिलाव्याने बुजवून वर आपली कोरली. काळाच्या ओघात गिलावा गळून पडला आणि दोन्ही मजकूर एकमेकांत मिसळले. जिथे दोन चिन्हांच्या कडा जुळल्या तिथे पंखा आणि शेपटी तयार झाली. परग्रहवासीयांपेक्षा हे मला जास्त रंजक वाटतं: गिलाव्याच्या जोरावर बापाच्या शब्दावर आपला शब्द चढवणारा मुलगा, आणि गिलाव्याने केलेला दगा.

नाव पुसलं जाण्याची ही धास्ती कुठवर गेली, ते मेदिनेत हाबूला दिसतं. पश्चिम तीरावरचं हे रामसेस तिसऱ्याचं देऊळ, इ. स. पू. बाराव्या शतकातलं. इथली चिन्हं एवढी खोल खणली आहेत की काहींत मूठ आत जाईल. कार्टूशच्या, म्हणजे राजाच्या नावाभोवतीच्या लंबगोलाच्या, कडा म्हणजे खंदकच. ज्या राजाने दुसऱ्यांच्या दगडांवर आपली नावं चढलेली पाहिली होती, त्याने आपल्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून ही तजवीज केली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. उथळ नाव तासून दुसरं कोरता येतं. एवढं खोल नाव तासायचं तर भिंतच पाडावी लागेल. सकाळी उन्हं तिरपी असताना इथे जावं. सावल्या इतक्या गडद पडतात की मजकूर शाईने लिहिल्यागत दिसतो, आणि खाचांच्या आत खरीखुरी चिमणी कोरलेल्या पाखराशेजारी येऊन बसते. काही तुळयांच्या खालच्या बाजूला, जिथे वारा आणि ऊन पोहोचलं नाही, तिथे निळा-पिवळा रंग अजून टिकून आहे.

कार्टूश कसं ओळखायचं ते इथेच सांगून टाकतो, कारण इथे ती सर्वांत ठळक आहेत. लंबगोल म्हणजे मुळात दोराचं वेढं. टोकाशी आडवी गाठ असते आणि चांगल्या कामात दोराचे पीळही कोरलेले असतात. राजाला सहसा अशी दोन वेढी. एकाच्या आधी लव्हाळा आणि मधमाशी दिसली तर ते राज्याभिषेकाचं नाव. बदक आणि सूर्याची तबकडी दिसली तर ते जन्मनाव, कारण ती जोडी म्हणजे ‘रा देवाचा पुत्र’. रामसेसच्या जन्मनावात सूर्याच्या जवळ तीन टोकं लोंबणारं एक चमत्कारिक चिन्ह असतं. ती एकत्र बांधलेली कोल्ह्याची तीन कातडी. ते चिन्ह ‘जन्म’ या अर्थाचं.

दक्षिणेला एस्नाचं खनूम देवाचं देऊळ बाजाराच्या मधोमध, रस्त्याच्या पातळीपासून सुमारे ९ मीटर खाली आहे. गावाची जमीन शतकानुशतकं वर चढत गेली. उरलं आहे ते रोमन काळातलं एक दालन. काजळीने काळवंडलेल्या त्याच्या भिंती आणि छत २०१८ पासून इजिप्शियन आणि जर्मन तज्ज्ञांनी साफ करायला घेतलं, आणि खाली लाल, निळे, पिवळे रंग निघाले. पण मी गेलो होतो दोन स्तोत्रांसाठी. एक जवळजवळ संपूर्ण मेंढ्यांच्या चिन्हांनी लिहिलेलं, दुसरं मगरींच्या. ओळीमागून ओळ मेंढे, सगळे एकाच दिशेला तोंड करून. काहींच्या डोक्यावर मुकुट, काहींच्या नाही. खनूम हा मेंढ्याच्या शिराचा देव, त्यामुळे त्याची स्तुती त्याच्याच रूपांनी. जुन्या काळात सुमारे ७०० चिन्हांवर भागत होतं, पण या उतरत्या काळात पुजाऱ्यांनी ती हजारांवर नेली. लिपी जाणणारे कमी होत गेले तसतशी ती अधिक गूढ, अधिक चित्रमय होत गेली. मगरींची ओळ पाहणाऱ्याला वाचता येणारच नाही, अशीच पुजाऱ्यांची इच्छा असावी.

आणि शेवटी अस्वानजवळचं फिली. मूळ बेट धरणाच्या पाण्यात जात होतं म्हणून १९७० च्या दशकात इसिसचं देऊळ दगड दगड सुटे करून शेजारच्या अगिल्किया बेटावर हलवलं. होडीने तिथे पोहोचल्यावर लोक मोठ्या दालनाकडे जातात. हेड्रियनच्या दारापाशी थोडे थांबतात. तिथल्या भिंतीवर २४ ऑगस्ट ३९४ ही तारीख असलेला लेख आहे. तारीख ठाऊक असलेला हा चित्रलिपीतला शेवटचा लेख. एस्मेत-आखोम नावाच्या इसिसच्या पुजाऱ्याने मंडुलिस या देवाची आकृती कोरली आणि शेजारी आपलं आणि बापाचं नाव घालून ते सदासर्वकाळ टिकावं अशी इच्छा लिहिली. कारागिरी ओबडधोबड आहे. रेघा उथळ, चिन्हं डगमगती. सेनुस्रेतच्या मंडपातल्या पिसांपाशी थांबलेल्या माणसाला ही उतरण झटकन दिसते. पण रोमचे सम्राट ख्रिस्ती झाले होते, देशभरची देवळं बंद पडत होती, तरी या टोकाच्या बेटावर एक माणूस अजून हे सगळं येतं म्हणून कोरत होता. पुढे सहाव्या शतकात हे देऊळही बंद झालं. नंतर इथे प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी भिंतींवर क्रूस कोरले आणि देवदेवतांची तोंडं, हातपाय छिन्नीने फोडले. दगडात जीव नाही असं त्यांना खरंच वाटत असतं तर त्यांनी एवढे कष्ट घेतले नसते.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. बाहेरच्या भिंती सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर पाहाव्यात. माध्यान्हीच्या उन्हात खणलेलं कामही तिरप्या उजेडाइतकं खुलत नाही. छायाचित्र काढताना समोरून फ्लॅश मारला तर उठाव नाहीसा होतो, म्हणून एका अंगाचा नैसर्गिक उजेड शोधावा. हात लावू नये. बोटांच्या तेलकटपणाने चुनखडी काळी पडते आणि कित्येक थडग्यांत माणसाच्या उंचीचा काळा पट्टा तसाच पडलेला आहे. लक्सरला एकच दिवस असेल तर बाकी काही राहिलं तरी चालेल, पण सकाळी मेदिनेत हाबू आणि मग नदी ओलांडून कर्नाकचा पांढरा मंडप एवढं जरूर पाहावं. एकीकडे मूठभर खोल खंदक, दुसरीकडे काही मिलिमीटरांची पिसं, मध्ये जवळजवळ आठशे वर्षं. एका कारागिराने पाखराला उडण्याइतकं जिवंत केलं, दुसऱ्याने ते कुणाला पळवता येऊ नये म्हणून भिंतीत रुतवलं. दोघांचाही विश्वास एकच होता, आणि तो वाचता आला की बाकीची लिपी नाही आली तरी देवळात कंटाळा येत नाही.